चरबीची गाठ

डॉक्टरांनी विचारलं, "काम कोणत्या हाताने करता?"

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तसं लिहून घेतलं आणि हृदयाचं मशीन डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली बसवायचं ठरलं. शेजारच्या स्टुलावर माझी बायको बसली होती. तिनेही मान डोलावली. तिची काही चूक नाही. मी उजव्या हाताने जेवतो, उजव्या हाताने सही करतो, देवाला फूलही उजव्यानेच वाहतो. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली, पण तिने मला मैदानावर कधी पाहिलेलं नाही. आमच्याकडे नवऱ्याचा खेळ बघायला बायका जात नाहीत.

मैदानावर मी डावखुरा आहे. लहानपणी ताटात डावा हात गेला की आई उलथन्याने मारायची, पाटीवर गेला की गुरुजी छडीने. वर्षभरात दोघांनी मिळून मला माणसांत आणलं. व्हॉलीबॉलच्या मैदानावर मात्र दोघंही नसायचे, म्हणून डावा हात तेवढा तिथे शिल्लक राहिला. दोंडाईचाच्या बाजूला आमचं गाव. तिथे मी पंचवीस-तीस वर्षं शूटर होतो. शूटर म्हणजे जाळीपाशी उडी मारून चेंडू समोरच्या अंगणात हाणणारा. डाव्या हाताचा शूटर समोरच्यांना उमगत नाही, आणि माझं आयुष्यभराचं कर्तृत्व काय, तर एवढंच. नोकरीनिमित्त जळगावला आलो तरी रोज सकाळी एका शाळेच्या मैदानावर खेळत होतो.

त्याच मैदानावर संक्रांतीनंतर एका सकाळी मी उडी मारली आणि खाली आलो तो बेशुद्ध होऊनच. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी फोडलेला कांदा होता, आणि कांद्यावर भरवसा नसलेल्या दुसऱ्या गड्याच्या हातात चप्पल.

"हुंगाड, हुंगाड त्याले!"

"अरे शुद्धीवर उना तो. आते चप्पल कसाले?"

"राहू दे, कांदा नही ते चप्पल."

आठ शिकलेली माणसं होती. दोन शिक्षक, एक मेडिकल स्टोअरवाला. कुणाला नाडी बघायचं सुचलं नाही. रिकाम्या पोटी पित्त झालं असा निकाल लागला. मी स्कूटी चालवत घरी गेलो, आणि माझी अक्कल अशी की बायकोला आणि नंतर डॉक्टरांना सांगितलं, आंघोळीला जाताना चक्कर आली. खेळताना म्हटलं असतं तर खेळ बंद झाला असता. डॉक्टरांनी विचारलंही, "खेळ, व्यायाम काही?" म्हटलं, "कधीच सोडलं." त्यांनी तपासण्या केल्या. हृदयाची भिंत जाड झालेली निघाली, मधूनच ठोके बेफाम सुटतात असंही निघालं. आजार त्यांना सापडला, पण तो कधी उसळतो हे मी त्यांना कळू दिलं नाही.

मशीन काडेपेटीएवढं. हृदयावर नजर ठेवतं, ठोका भलताच सुटला तर आतून झटका देऊन जागेवर आणतं. तिथून एक वायर शिरेतून हृदयात जाते. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आणि दुसरी गोष्ट, हा आजार घरात चालत येतो. मुलं किती?"

"एकच मुलगी. धुळ्याला शिकते."

"तिचा ईसीजी आणि टू-डी इको करून घ्या. खेळते का ती? खेळत असेल तर आधी ते करा, मग खेळ."

मुलगी खो-खो खेळते. कॉलेजच्या संघात आहे, रोज संध्याकाळी दोन तास पळते. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं कुठे होतं, असं मनाशी म्हणालो. त्यांनी विचारलंच होतं.

त्याच आठवड्यात भडगावचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीला, घर चांगलं, पत्रिकाही जुळत होती. मुलगीही नाही म्हणाली नव्हती. दवाखान्यातून परतताना रिक्षात बोलणं झालं. आजवर मी स्वतःला सांगत आलो की पुढचं वाक्य बायकोचं होतं. ते तिचं नव्हतं. मीच म्हणालो, "तपासणी केली आणि काही निघालं, तर?"

तिने रिपोर्टांची पिशवी पदराखाली घेतली. मग म्हणाली, "मग आत्ता नको. एकदा तिचं होऊन जाऊ द्या."

तपासलं नाही म्हणजे आजार नाही, ही आमच्या घराने वैद्यकशास्त्रात घातलेली भर. टाके दिसतील म्हणून त्यांनाही नाव ठेवलं, चरबीची गाठ काढली. ऑफिसात गाठ, मैदानावर गाठ, मुलीला फोनवर गाठ. ती म्हणाली, "पप्पा, रिपोर्ट आला का गाठीचा?" मी म्हणालो, "नॉर्मल." महिन्याने डॉक्टरांनी विचारलं, "मुलीची तपासणी झाली?" तेव्हाही माझ्या तोंडातून तोच शब्द निघाला. "नॉर्मल." एकदा सवय लागली की शब्द चांगला आहे. छोटा आहे, पुढे कुणी काही विचारत नाही.

चैत्र संपत आला तसा गावाहून चुलतभावाचा फोन. आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, व्हॉलीबॉलचे सामने होतात. लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, आणि पुरुष मंडळी पत्ते कुटून कंटाळली की मैदानावर येतात.

"भो, यंदा उतरशी ना?"

"बघू. गाठीची जागा अजून दुखते."

"गाठ ते निंघी गयी ना! आनि आयक, भडगावना पाव्हना येई राहिनात. पोरना बाप जुना खेळाडू शे. तुना डावा हात देखानाच शे म्हने त्याले."

"आणि नाही खेळलो तर?"

"नही खेळना ते लोके इचारतीन, का बरं नही खेळना? मंग काय सांगशी?"

आता बघा, लोक हृदयाचं मशीन बसवल्यावर मैदानात परततात ते खेळाच्या ओढीने. आपण अजून संपलो नाही हे बघायला परततात. ते मला समजतं, त्यात काही लाजण्यासारखं नाही. मी परतलो ते लोकांनी कारण विचारू नये म्हणून. मुलीच्या लग्नासाठी बापाने उंबरे झिजवल्याचं ऐकलं होतं, छातीतली वायर झिजवलेली मी पहिलाच असेन. आठ दिवस ऑफिसच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारून हात मोकळा केला. सहा आठवडे उलटले होते, म्हणजे मी डॉक्टरांचं ऐकतच होतो, असंही मनाला सांगून ठेवलं.

आखाजीच्या दिवशी उन्हं कलल्यावर शेवटचा सामना झाला. आम्ही हरलो, हेही सांगून टाकतो. पण मी हाणले. उडी पूर्वीची राहिली नव्हती, हात मात्र तोच होता. दर फटक्याला टाक्यांपाशी आत काहीतरी ओढल्यासारखं व्हायचं, आणि दर फटक्याला बाहेर आरोळी उठायची, "आरे वा रे डाव्या!" पन्नाशीचा माणूस आरोळीसाठी काय काय करतो! मुलाचे वडील पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते. सामना संपल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत मला मिठी मारली, तीही नेमकी डाव्या बाजूला.

"या वयात अशी उडी! तब्येत खानदानी शे हो तुमची."

खानदानी. मी हसलो. माझी मुलगी झोक्याच्या झाडाखाली मैत्रिणींबरोबर उभी होती, तीही हसली. तिला वाटलं, बाप खूश आहे.

पाहुणे मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता ओसरीवर चहा चालला होता. मुलाचे वडील आणि त्याचे काका खाटेवर, मी समोर पाटावर, दारात चुलतभाऊ. मुलगी आदल्या दिवशीच्या सांजोऱ्यांची ताटली घेऊन आली. तारखेची गोष्ट निघाली होती, तेवढ्यात शिट्टीसारखा आवाज झाला. बारीक, पण स्पष्ट. टूं, टूं, टूं.

काकांनी खिसा चाचपला. मुलाच्या वडिलांनी फोन काढून पाहिला. चुलतभाऊ म्हणाला, "मना नही. मना डबडा ते कालनाच बंद शे."

आवाज चालूच. मशीनमध्ये काही बिघाड झाला तर ते स्वतःच वाजतं, असं डॉक्टरांनी बसवतानाच सांगितलं होतं. मी बशी खाली ठेवली. मी खिशात हात घालून फोन बंद केल्याचं नाटक केलं आणि म्हणालो, "ऑफिसचा असेल. सुट्टीतही सोडत नाहीत."

आवाज आपसूक थांबला. पाहुणे हसले. "सरकारी मानूसले सुट्टी कसानी?" म्हणून मुलाच्या वडिलांनी सांजोरी उचलली.

मुलगी ताटली धरून तशीच उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरच्या फळीकडे बघत होती. फळीवर माझा फोन चार्जिंगला लावलेला होता.

पाहुण्यांसमोर ती काही बोलली नाही. पाहुणे गेले, गल्लीच्या टोकापर्यंत त्यांना सोडून आम्ही परत आलो, मग तिने ओसरीवरच विचारलं.

"पप्पा, शर्ट काढा."

"काय वेड लागलंय का?"

"आवाज तुमच्या छातीतून आला. मी जवळ उभी होते. गाठ वाजते का?"

आत चुलीपाशी बायकोच्या हातातून काहीतरी पडलं. मी शर्ट काढला नाही. हृदयाचं लहानसं मशीन आहे, विशेष काही नाही, तुझं लग्न ठरेपर्यंत बोलायचं नव्हतं, असं सांगितलं. म्हणजे अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं तिच्याविषयी होतं, ते गिळून टाकलं. ती चिडली, रडली, आणि बॅग भरायला घेतली. मला वाटलं धुळ्याला निघाली. ती जळगावला निघाली होती, मला घेऊन दवाखान्यात.

दवाखान्यात छातीवर एक यंत्र ठेवून आतलं सगळं कॉम्प्युटरवर वाचतात. माणूस डॉक्टरला बनवू शकतो, त्या यंत्राला बनवता येत नाही. तंत्रज्ञाने पडद्याकडे बघत विचारलं, "काका, आखाजीला संध्याकाळी काय करत होतात? पाच ते सहा?"

"बसलो होतो."

"बसून एवढे ठोके?"

डॉक्टर आले. एक्स-रे पाहिला. वायर जागची सरकली होती. "असं डाव्या हाताने जोर लावला तर होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही तर उजवे ना?"

"डावखुरे आहेत," माझी मुलगी म्हणाली. "डाव्या हाताचे शूटर आहेत. सगळ्या तालुक्याला माहीत आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त दमल्यासारखे दिसले. "अहो, खेळायला तुम्हाला नाही कोण म्हणालं होतं? मला सांगितलं असतं तर मी मशीन उजव्या बाजूला बसवलं असतं. खेळताना ठोके किती जातात ते ट्रेडमिलवर बघून त्याप्रमाणे मशीन लावून दिलं असतं. हळूहळू मैदानात सोडलं असतं. कबड्डी, कुस्ती नको म्हणालो असतो. व्हॉलीबॉलचं बसून ठरवलं असतं." मग ते मुलीकडे वळले. त्यांचा आवाज मऊ झाला. "हीच का तुमची मुलगी? चला, निदान हिचे रिपोर्ट तरी नॉर्मल आले."

मुलगी खुर्चीत पुढे सरकली.

"माझे?" मुलगी म्हणाली. "माझे कोणते रिपोर्ट?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या उजव्या हाताकडे बघत होतो. तोच तो, माणसांत आणलेला.

"पप्पा, मला परीक्षेच्या आधी मैदानावर अंधारी आली होती. दोनदा. मी ऊन समजले. मैत्रिणींनी कांदा फोडला." ती एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

तिची तपासणी त्याच दुपारी झाली. पडद्यामागे ती आडवी होती आणि मी बाहेर बाकावर. तो अर्धा तास मी इथे लिहीत नाही. लिहिला तर तोही माझ्याच कौतुकाचा होईल, बघा बाप कसा तळमळला म्हणून. तळमळायला मला तीन महिने मिळाले होते. रोज संध्याकाळी पाच वाजता ती धुळ्याला पळत होती, आणि मी जळगावात चहा पीत होतो.

तिच्या हृदयाची भिंतही जाड निघाली. माझ्याइतकी नाही. मशीनची गरज आत्ता नाही, कदाचित कधी लागणारही नाही. पण आणखी तपासण्या होईपर्यंत खो-खो बंद. विद्यापीठाच्या संघाची निवड पंधरा दिवसांवर होती.

भडगावला कळवायचं काम तिनेच केलं. "मी सांगते. तुम्ही सांगितलं तर नॉर्मल म्हणाल." चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला की पत्रिकेत दोष निघाला. जी पत्रिका तीन गुरुजींनी जुळवली होती, तिच्यात तीन महिन्यांनी दोष निघाला, तोही हृदयाच्या जागी. मी त्यांना हसलो. मग लक्षात आलं की मी त्यांच्या जागी असतो तर मीही पत्रिकेचंच नाव पुढे केलं असतं. आमची जात एकच, खोटं बोलणाऱ्यांची. ते निदान दुसऱ्याच्या पोरीच्या बाबतीत बोलले.

माझी वायर पुन्हा बसवली, या वेळी मशीनही उजव्या बाजूला हलवलं. फॉर्म मुलीने भरला. हात कोणता, या रकान्यात तिने 'डावा' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग पुन्हा आठवडे मोजणं, मग ट्रेडमिल. त्यावर धावताना डॉक्टर स्वतः शेजारी उभे राहिले. पावसाळा संपता संपता ते म्हणाले, खेळा. शूटर म्हणून नको, लिफ्टर म्हणून. म्हणजे दोन्ही हातांनी चेंडू अलगद वर उचलून दुसऱ्याला द्यायचा, हाणायचं त्याने. आणि मैदानावरच्या प्रत्येकाला मशीनविषयी माहिती हवी.

परवानगी मला मिळाली. तिला अजून मिळाली नव्हती. तिच्या तपासण्या चालू होत्या. घरी येऊन मी जाहीर केलं, "मी आता खेळणार नाही. तुला बंद, तर मलाही बंद." मला वाटलं, हे ऐकून तिचं मन जरा हलकं होईल. खरं सांगायचं तर मला वाटलं, ती मला माफ करेल.

ती भाजी निवडत होती. तिने मान वर केली. "हेही नाटकच का? लपवायचं नाटक झालं, आता त्यागाचं? मी बसलेय ते माझ्या दुखण्याने. तुम्ही बसणार माझ्या नावावर. म्हणजे ते ओझंही मीच वाहायचं."

"मग काय करू?"

"डॉक्टर म्हणालेत तसं खेळा. आणि त्या लोकांना सांगा. माझ्यासमोर."

रविवारी ती माझ्याबरोबर मैदानावर आली. आमच्याकडे पोरी बापाचा खेळ बघायला येत नाहीत, म्हणून सगळे जरा अवघडले. मी जाळीपाशी उभं राहून सांगितलं, की ती गाठ नव्हती. मला झटका बसला तर घाबरू नका, मला हात लावलात तर तुम्हाला काही होत नाही. एकदा बसला आणि मी शुद्धीवर असलो तर बसवून ठेवा, डॉक्टरांना फोन करा. लागोपाठ बसले किंवा शुद्ध गेली तर लगेच अँब्युलन्स. श्वास थांबला तर छाती दाबायची, ती कशी ते मेडिकलवाल्याला शिकवून ठेवलंय. कांदा नको. चप्पल नको.

मग मेडिकलवाला म्हणाला, "भो, मोबाईल चार्ज व्हई का तुनावर?"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. ती खांबाशी जाऊन उभी राहिली, चपला काढून, पायाने मैदानातली माती उकरत. पळणाऱ्या पोरी उभ्या राहतात तशी, एक टाच उचललेली.

खेळ सुरू झाला. पहिलाच चेंडू उंच आला, थेट डाव्या हातावर. सगळं अंग उडी मारायला निघालं. मी खांबाकडे पाहिलं. ती बघत होती, आणि तिची उचललेली टाच अजून खाली आली नव्हती. मी दोन्ही हात वर केले आणि चेंडू दुसऱ्याला दिला.